निळी चिठ्ठी एकच

चिठ्ठ्यांना रंग देण्याची हौस प्रशिक्षक बाईंची स्वतःची. पॅकिंगला पिवळी, गोदामाला हिरवी, दुरुस्तीला निळी. भिंतीवर लावल्या की कुठल्या विभागाचं काय दुखतंय ते एका नजरेत कळतं, असं त्या बारा वर्षं कंपन्याकंपन्यांतून ऐटीत सांगत आल्या होत्या. या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यातही त्यांनी तेच सांगितलं. वर शब्द दिला, की नाव कुणी लिहायचं नाही, कुणी विचारणारही नाही, मनात असेल ते लिहा.

मनातलं असं सांगून कोण लिहितं? पिवळ्या चिठ्ठ्यांवर पंख्याची तक्रार निघाली, हिरव्यांवर चहाची. निळ्या चिठ्ठीवर मात्र लिहिलं होतं, 'तीन नंबरच्या कटिंग मशीनची जाळी साहेबांनी काढायला लावली, माल लवकर निघावा म्हणून. पाती उघडी आहेत. कुणाचा तरी हात जाईल.' बाईंनी ती मोठ्याने वाचली. पहिल्या रांगेत बसलेल्या मॅनेजर साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. उलट त्यांनी टाळ्या वाजवल्या, असाच खरेपणा हवा म्हणाले. बाई भलत्याच खूश झाल्या. याला शुद्ध मूर्खपणा म्हणतात, पण तो शब्द त्यांना जेवणाच्या सुट्टीनंतर सुचला.

सुट्टीनंतर पानेकाकांची खुर्ची रिकामी होती. हे दुरुस्तीतले जुने फिटर, खिशात सदा पाना, म्हणून ते नाव. जोडीदार रजेवर असल्यामुळे दुरुस्तीतून आज ते एकटेच आले होते. बाईंनी साहेबांना दाराबाहेर गाठलं, तेव्हा साहेबांनी साळसूदपणे सांगितलं, की काकांना कामावरून कमी केलंय, शिस्तीचा प्रश्न आहे.

"पण नाव कुणीच लिहिलं नव्हतं."

"नाव कशाला हवं, मॅडम? निळी चिठ्ठी एकच होती. तुम्हीच तर वाटलीत."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांचा राग आला आणि त्याहून दुप्पट स्वतःचा. बारा वर्षांत हे एकदाही लक्षात येऊ नये? त्या तशाच आत गेल्या, काय घडलं ते सगळ्यांना सांगितलं आणि प्रत्येकापुढे एक पांढरा कागद आपटला. तीच ओळ सगळ्यांनी लिहा, मग बघू कुणाकुणाला काढतात. एकानेही पेन उचललं नाही. शेवटी पॅकिंगची ताई हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही संध्याकाळी निघून जाल. आम्हाला उद्या यायचंय."

यावर बाई त्यांच्यावरही भडकल्या, वाटेल ते बोलल्या आणि तडक फाटकाकडे निघाल्या.

फाटकावर वॉचमन पानेकाकांची पिशवी तपासत होता. बाईंनी हात जोडले, चूक माझी, म्हणाल्या.

"चिठ्ठी हातात आली तेव्हाच कळलं होतं मला," काका म्हणाले. "निळा मी एकटाच."

"मग लिहिलंत कशाला?"

"पाती उघडी आहेत ना. जाळी बसवली का त्यांनी?"

साहेबांशी त्या भांडल्या होत्या, लोकांना बोलल्या होत्या, स्वतःला लाखोली वाहिली होती. जाळीचं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

"म्हणजे मशीन चालूच आहे," काका म्हणाले. पिशवी तिथेच टाकून ते आत निघाले, पण वॉचमनने दंड धरून त्यांना अडवलं. आता ते बाहेरचे होते. "मॅडम, लाल बटण," ते मागून म्हणाले, "डाव्या अंगाला आहे."

बाई धावल्या. तीन नंबरवर एक कामगार वाकून अडकलेला पुठ्ठा हाताने ओढत होता, पाती त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर खालीवर होत होती. बाईंनी बटण दाबलं. मशीन थांबलं. पलीकडून साहेब ओरडत आले, माल अडलाय, हात काढा म्हणाले. बाईंनी हात काढला नाही.