बिअरच्या हंड्याची कल्हई
"बाबा, ही कांडी कुठून घेतलीत?"

निनादने विचारलं, तेव्हा आमचे हे हंड्याच्या आतून कापसाचा शेवटचा बोळा फिरवत होते. कल्हई कशी चांदीसारखी चढली होती.

"ग्रॅहमच्या शेडमधून. कथील आहे."

"कथील नाही हो. यावर छापलंय, निम्मं शिसं आहे."

शिसं म्हणजे विष, एवढं तांबटाच्या बायकोला कळतं.

निनादच्या ग्रॅज्युएशनसाठी आम्ही परदेशी, मॉसन लेक्सला आलो होतो. दोन हजार आठ साल. गल्लीत दर दुसऱ्या घरात भारतातून शिकायला आलेली पोरं, एकेका खोलीत तीन-तीन गाद्या. शेजारचा ग्रॅहम घरीच बिअर बनवायचा आणि तिच्यासाठी तांब्याचा हंडा ठोकत बसला होता. यांना ते ठोकणं बघवेना. पुण्यात चाळीस वर्षं तांबटकाम केलेला माणूस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातली हातोडी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"अहो, दारूचं भांडं घडवताय," मी म्हटलं.

"भांडं ते भांडं."

खरं कारण वेगळं होतं. 'वय झालं, आता दुकान बंद करा,' असा निनादने धोशा लावला होता. हात अजून चालतात, हे यांना मुलाला दाखवायचं होतं.

हंडा झालाही देखणा. ग्रॅहमने बजावलं होतं, आतून काही लावू नका, नुसता व्हिनेगरने धुवा. पण बिनकल्हईचं भांडं गिऱ्हाइकाला द्यायचं म्हणजे यांच्या लेखी लाजच. तो कामावर गेल्यावर यांनी चिंच-मीठ लावून हंडा लख्ख घासला, बार्बेक्यूवर तापवला आणि ती कांडी आत फिरवली.

"शक्य नाही," हे म्हणाले. "मी कानाशी धरून वाकवली होती."

खरं कथील वाकवलं की बारीक करकरतं. शिसं मिसळलेलं गप्प राहतं. निनादने उरलेला तुकडा स्वतःच्या कानाशी धरून वाकवला.

"काहीच वाजत नाही, बाबा. तुम्हाला काय ऐकू आलं?"

यांनी मान खाली घातली. "मला कुठलीच वाजत नाही. तीन वर्षं झाली. बोलणं कळतं, बारीक आवाज गेले."

"मग कानाशी धरता कशाला?"

"सवय."

तीन वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही.

ग्रॅहम आल्यावर निनादने त्याला सगळं सांगितलं. त्याने हंडा उचलून आत पाहिलं.

"नो वरीज, मेट. यात लिंबाचं झाड लावतो."

यांनी त्याच्याकडून छिन्नी मागून घेतली आणि हंड्याच्या तळाला सहा भोकं पाडली. म्हणजे चुकूनही कुणी त्यात काही शिजवायला नको.

"जाऊ दे, बाबा," निनाद म्हणाला. "कुणी प्यायलं तर नाही ना."

"इथे नाही."

पुण्यातलं दुकान ही तिन्ही वर्षं रोज उघडं होतं.

"कागद घे," हे म्हणाले. "तीन वर्षांत कुणाकुणाची कल्हई केली ते सांगतो. एकेकाला फोन कर. म्हणावं, भांडी वापरू नका, तपासून घ्या."

निनादने पेन काढलं. "पहिलं नाव?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपलंच घर लिही. आईचं आमटीचं पातेलं."