मागची चटई

बायबलमध्ये तिला भाकर म्हणतात, पण असते ती गव्हाची पोळी. मीठ नाही, तेल नाही. कणीक मळली की लगेच लाटायची आणि कोरड्या तव्यावर भाजायची. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची ही पोळी बहिणी, म्हणजे इथल्या बायका, पाळीपाळीने करतात. दर तिसऱ्या रविवारची पाळी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. एप्रिलपासून ती माझ्याकडे आली, कारण त्यांना मागच्या चटईवर बसवलं.

यंत्रमागांच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये आमची मंडळी भरते. मागची चटई दाराजवळ, चपलांच्या रांगेला लागून असते. ज्याला पास्टर शिस्त लावतात तो तिथे बसतो. भाकरीचं ताट आणि मनुक्यांच्या रसाचे छोटे पेले त्याच्यापर्यंत येत नाहीत. सभा सुटल्यावर त्याच्याशी कुणी बोलत नाही.

"तितं वारा चांगला येतो," आत्याबाई म्हणायच्या. "आन् चपला चोरीला जात न्हाईत. मी हाय की."

झालं होतं ते एवढंच. आत्याबाई मंद्रूपला भावाकडे, कोंडीबामामांकडे गेल्या होत्या. बिरोबाची जत्रा होती, बोकड कापलं होतं. आत्याबाई पंगतीत बसून जेवल्या आणि येताना डबा घेऊन आल्या. माझी मुलगी ऋतुजा तेव्हा दोन महिन्यांची होती. मला दूध पुरत नव्हतं, दिवसभर पोटात आग पडायची. मी ओट्याशी उभ्याउभ्याच डबा उघडला आणि गार रश्शात भाकरी बुडवून खाल्ली. आत्याबाई मांडीवर ऋतूला घेऊन बघत होत्या.

"खा," म्हणाल्या, "पोरीला दूध व्हईल."

शुक्रवारी बहिणींची सभा असते. पास्टरांच्या बायकोला आम्ही सगळ्या मम्मी म्हणतो. त्या प्रत्येकीला विचारतात, घरात काय लपलंय ते सांग. काहीतरी सांगावंच लागतं. दोन शुक्रवार गप्प राहिलं की तुझं मन दगड झालंय म्हणतात आणि सगळ्या मिळून तुझ्यासाठी मोठ्याने रडतात. मी दोन शुक्रवार गप्प होते. तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांनी माझ्याकडे माना वळवल्या, मांडीवर ऋतू चुळबुळत होती, आणि मी म्हणाले, "आत्याबाईंनी जत्रेचं मटण खाल्लं."

मला वाटलं प्रार्थना करतील, डोक्यावर हात ठेवतील आणि होऊन जाईल. माझं मात्र मी गिळलं.

रविवारी पास्टरांनी आत्याबाईंना पुढे बोलावलं.

"मूर्तीपुढचं खाल्लं?"

"व्हय, खाल्लं."

"घरात आणखी कुणी?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "न्हाय," म्हणाल्या.

घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, पुढच्या रविवारी उभी राहून सगळं सांगते. त्यांनी पाय ओढून घेतले.

"गप बस. तुला भायेर बसवलं तर जोत्या मंडळीत टिकंल का? आन् मंडळी सुटली तर त्यो कुटं जाऊन बसंल, तुला सांगाया पायजे व्हय?"

सांगायला नकोच होतं. जोतिराम, माझा नवरा, टॉवेलच्या कारखान्यात आहे. लग्नानंतर दोन वर्षं मी त्याला शुद्धीवर कमीच पाहिलं. तो सुटला तो पास्टरांमुळे. दारू बंद केल्यावर त्याचं अंग थरथरायचं, तेव्हा पास्टर तीन रात्री आमच्या फरशीवर त्याला धरून बसले होते. ते मी विसरणार नाही. त्यांनी त्याचं नाव योहान ठेवलं. शेडमध्ये तो त्या नावाला ओ देतो. घरी आत्याबाई जोत्या म्हणाल्या तरी द्यायचा.

म्हणून मी गप्प बसले. दर तिसऱ्या रविवारी पहाटे पोळी करत राहिले. शिस्तीतल्या माणसाने त्या कणकेला हात लावायचा नाही, म्हणून आत्याबाई उंबऱ्याबाहेर बसून शिकवायच्या.

"जाड झाली. मोडताना आवाज आला पायजे."

"आता?"

"आता बरी हाय. प्रभू काय तक्रार करणार न्हाय, मम्मी करंल."

दिवाळीनंतर त्यांच्या पायांवर सूज आली. मग पोट पाण्याने भरलं. डिसेंबरात डॉक्टरांनी जोतिरामला बाजूला घेतलं आणि घरी न्या म्हणाले.  दोन दिवसांनी आत्याबाई म्हणाल्या, "पास्टरला बोलावून आण की. मला एकदा भाकर घ्यायची हाय."

पास्टर लगेच आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, बायबल गुडघ्यावर.

"रंभाबाई, मी तुमचा वैरी आहे का? रविवारी योहान तुम्हाला रिक्षाने आणेल. दोनच वाक्यं बोलायची. मी मूर्तीपुढचं खाल्लं, माझं चुकलं. आणि त्या घराशी माझा संबंध संपला."

"पैलं बोलते की."

"आणि दुसरं?"

आत्याबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "आई मेली तवा मी रांगत होते. कोंडीबा आठ वर्सांचा. त्यानं मला मेंढीच्या दुधावर वाढवलं. पाठीवर बांधून रानात न्यायचा. त्याला तोडते म्हणू?"

"तोडायचं म्हणजे काय? जाणंयेणं नाही, जेवणखाण नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करा ना."

"मग उरलं काय?"

पास्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते खरंच दमलेले दिसत होते. मी म्हणाले, "पास्टर, एकच वाक्य घ्या. त्यांना उभंही राहता येत नाही."

"पूनमताई, माझ्या हातात असतं तर दिलं नसतं का? एका घराला सूट दिली की पन्नास घरं मोकळी होतात. उद्या योहानच म्हणेल, एक घोट चालतो."

जोतिराम दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. पास्टरांनी प्रार्थना केली, आत्याबाईंच्या डोक्यावर हात धरला, पण वीतभर वरच.

तो रविवार माझ्या पाळीचा होता. पहाटे पोळी भाजली आणि तिच्या कडेचा एक तुकडा मोडला. आवाज आला. मनुके उकळून ठेवले होते, त्यातला चमचाभर रस वाटीत घेतला आणि आत्याबाईंच्या उशाशी जाऊन बसले.

"आत्याबाई, घ्या. जोतिराम झोपलेत. कुणी बघत नाही."

त्यांनी तुकड्याकडे पाहिलं. हात उचलला, आणि तो माझ्या मनगटावर ठेवला.

"ते मटन मी पंगतीत बसून खाल्लं, चारचौघांत. आन् प्रभूची भाकर चोरून खाऊ व्हय?"

"मी देतेय ना. माझ्या हातून घ्या."

"तुझ्या हातचं रोजच खाते की. ह्ये मंडळीत बसून खायाचं असतं पोरी. ठेव जा. कड मोडलेली दिसली तर मम्मी इचारंल."

मी तुकडा परत पोळीला लावून पाहिला. तो काही जुळला नाही. दुसरी पोळी केली.

आत्याबाई गुरुवारी दुपारी गेल्या. ऋतू त्यांच्या पायांशी बसून गोधडीचे टाके उपटत होती. तिला काही कळलं नाही. त्यांचा अंगठा धरून ती ओढत राहिली, नेहमीसारखा पाय हलेल म्हणून.

पास्टर दफनाला आले, वचन वाचलं, पण मंडळीचं गाणं झालं नाही. शिस्तीतल्या माणसाला गाणं नसतं. कोंडीबामामा मंद्रूपहून घोंगडी घेऊन आले होते. मम्मींनी सांगितलं, त्या घरचं काही पेटीत ठेवायचं नाही. मामा म्हणाले, "बरं." सगळं आटपेपर्यंत घोंगडी काखेत धरून ते कुंपणाशी उभे होते. जाताना ती त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "लेकराला घाला. थंडी लई हाय."

दोन रविवार गेले आणि पुन्हा माझी पाळी आली. पोळी मी केली. शेडमध्ये ताट पुढच्या रांगेपासून यायला लागलं. मागची चटई रिकामी होती, तिच्यावर कुणाचीतरी पिशवी पडली होती. ताट माझ्यापर्यंत आलं. ऋतूने हात पुढे केला, मी तो धरला आणि उठून उभी राहिले.

"काय ताई?" पास्टर म्हणाले.

"मंद्रूपचं मटण मीही खाल्लं होतं. घरी डबा आल्यावर आधी मीच खाल्लं. आत्याबाईंना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही."

 मम्मींनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली.

"आणि त्याबद्दल पश्चात्ताप आहे?" पास्टरांनी विचारलं.

"खाल्ल्याचा नाही. त्यांचं सांगून माझं लपवल्याचा आहे."

त्यांनी हाताने दाराकडे दाखवलं. पिशवी बाजूला सरकवून मी चटईवर बसले. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. चेहरा एकाचाही दिसत नाही. आठ महिने आत्याबाई हे पाहत होत्या. वारा येतो, ते मात्र खरं होतं. मी ऋतूच्या अंगावर घोंगडी ओढली. पुरुषांच्या रांगेत जोतिरामची पाठ दिसत होती. ताट त्याच्यापाशी गेलं, थांबलं, पुढे सरकलं.

सभा सुटल्यावर माझ्याशी कुणी बोललं नाही. जोतिराम पुढे चालत होता, एकदाही वळला नाही. आमच्या वाटेवर एक चौक लागतो. उजवीकडे घर, डावीकडे गुत्ता. तिथे तो थांबला. मी चालत राहिले. मी पोचेपर्यंत तो तसाच उभा होता, दोन्ही रस्त्यांकडे न पाहता.

"ऋतूला दे," म्हणाला. "तुझा हात दुखत आसंल."

मी दिली. त्याने ताटातली भाकर घेतली की नाही, ते मी विचारलं नाही. घर येईपर्यंत त्यानेही सांगितलं नाही.