दारावरचा लाल कोल्हा

माझ्या ट्रकच्या डाव्या दारावर तेवीस वर्षं एक लाल कोल्हा होता. थॅकर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं चिन्ह असलेला कोल्हा, रंगवलेला. मी काही थॅकरमध्ये शिकलेलो नाही. मी लाकडाचे ओंडके वाहतो आणि माझी शाळा बारावीच्या अलीकडेच आटोपली. पण फुटबॉल, म्हणजे आमचा हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल, फक्त कॉलेजात शिकलेल्यांचा असतो असं कुणी अलाबामात म्हणून दाखवावं. दर शनिवारी मी लाल सदरा घालून ऐंशी हजार माणसांत माझ्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि घसा बसेपर्यंत ओरडतो. माझा बापही हेच करायचा.

तेव्हा माझ्या सख्ख्या भाच्याला, टेव्हिसला, थॅकरनं बोलावलं म्हटल्यावर मला आभाळ ठेंगणं झालं.

टेव्हिस सतराव्या वर्षीच साडेसहा फूट उंच आणि तीनशे पौंडांचा होता. तो डाव्या टॅकलच्या जागी खेळायचा. म्हणजे चेंडू फेकणाऱ्याची पाठ राखायची. त्याला न दिसणाऱ्या बाजूनं जो कुणी मुसंडी मारून येतो त्याला अडवायचं. हे काम ज्याला येतं त्याच्यावर व्यावसायिक संघांचा डोळा असतो. दर एप्रिलमध्ये बत्तीस संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडतात. अडीचशेच्या आसपास नावं पुकारली जातात, बाकीची हजारो पोरं घरी जातात. त्या यादीत आपलं नाव यावं एवढी एकच गोष्ट टेव्हिसला नववीपासून हवी होती. आणि माझं गणित सरळ होतं: वर जायचं तर थॅकर.

थॅकरचे प्रशिक्षक माझ्या बहिणीकडे, लोरेथाकडे, जेवायला आले. तळलेला मासा दोनदा मागून घेतला, केकची तोंड भरून स्तुती केली. टेव्हिसनं त्यांना एकच प्रश्न विचारला.

"सर, मी कोणत्या शनिवारी खेळेन?"

"अरे, आधी ये तर!" ते हसले. "कपडे बदलायच्या खोलीत तुझ्या कपाटावर तुझं नाव दिव्यांनी झळकणार आहे, कळलं?"

मी टाळ्या वाजवल्या. टेव्हिसनं नाही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात मिल बेंड कॉलेजचे कोच पर्व्हिस आले. मिल बेंड म्हणजे चाळीस मैलांवरचं लहानसं कॉलेज, ज्याच्या मैदानाच्या कुंपणापलीकडे गाई चरतात. पर्व्हिस सत्तरीचे, एक गुडघा कामातून गेलेला. लोरेथानं ताट वाढलं तर म्हणाले, "लोरेथाबाई, आधी या खुर्च्या बाजूला करू."

त्यांनी टेव्हिसला स्वयंपाकघरात मधोमध उभं केलं आणि त्या लंगड्या पायानं त्याच्या अंगावर चाल केली. एकदा, दोनदा, तीनदा. मग घाम पुसत म्हणाले, "तुझा डावा पाय उशिरा उठतो. आत्ता हाताच्या ताकदीवर भागतंय तुझं. वर गेलास की नाही भागणार."

"सुधारेल?"

"दोन वर्षं लागतील. पण पहिल्या शनिवारपासून खेळशील. मार खाशील, पण खेळशील."

मला राहवेना. "कोच, थॅकरमधून दर वर्षी सात-आठ पोरं वर जातात. तुमच्याकडून शेवटचा कधी गेला?"

"एकोणीस वर्षं झाली," ते शांतपणे म्हणाले. "पण मिस्टर वेंडेल, ती सात-आठ पोरं मैदानावर असतात. बाकावर बसलेल्या राखीव पोराच्या खेळाची फिल्म कोण बघतं?"

एवढं बोलून ते जेवायला बसले. गेल्यावर मी त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. कुणी हसलं नाही.

कॉलेज निवडून सही करायच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर दोन टोप्या मांडल्या होत्या, एक थॅकरची लाल, एक मिल बेंडची हिरवी. अख्खं गाव जमलं होतं. मी लाल सदरा घालून पहिल्या रांगेत. टेव्हिसचा हात लाल टोपीकडे गेला आणि मी उठून उभाही राहिलो. त्यानं ती टोपी हळूच बाजूला सरकवली आणि हिरवी डोक्यावर घातली. चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं असं फिरलं की मी तडक बाहेर पडलो आणि ट्रकपाशी उभा राहून ओरडलो, "गाईंच्या कुरणात चाललाय गाढव! हा तिथून वर गेला ना, तर मी या हातांनी हा कोल्हा खरवडून काढीन!"

लोरेथा मागोमाग आली होती. "मी लक्षात ठेवीन," ती म्हणाली. "आणि तोवर हा ट्रक माझ्या दारात लावायचा नाही."

माझी बहीण बोलते ते करते. पुढची चार वर्षं मी ट्रक चर्चपाशी लावायचो आणि तिच्याकडे चालत जायचो, नाताळातसुद्धा, हातात केकचा डबा घेऊन. पहिली तीन वर्षं टेव्हिसचा एकही सामना मी पाहिला नाही. तो भेटला की "काय वेंडेलमामा, तुमचे कोल्हे काय म्हणतात?" एवढंच विचारायचा. मी म्हणायचो, "जिंकतायत. तुमच्या गाई कशा आहेत?" मनात मात्र मला लाज वाटायची. पोरगा काही वाईट वागला नव्हता. त्यानं फक्त माझं ऐकलं नव्हतं.

त्याच्या शेवटच्या वर्षी, सप्टेंबरात, मिल बेंड थॅकरकडे खेळायला आलं. मोठी कॉलेजं लहानांना अशी बोलावतातच. लहानांना चार पैसे मिळतात आणि मोठ्यांना बडवायला कुणीतरी. मी माझ्या खुर्चीवर, माझ्या लाल सदऱ्यात. मनाला बजावलं होतं की आपण थॅकरची माणसं आहोत.

त्या दिवशी खाली कठड्याजवळ व्यावसायिक संघांची सात माणसं दुर्बिणी घेऊन बसली होती. ती कोल्बी रेंकला बघायला आलेली. थॅकरचा रेंक म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचा काळ. तो पहिल्या फेरीतच जाणार हे पोरंटोरंही सांगत होती. आणि रेंकच्या समोर डाव्या टॅकलला उभा होता चौऱ्याहत्तर नंबर. आमचा टेव्हिस.

पहिल्याच चालीला रेंक बाहेरून सुसाट आला. टेव्हिसचा डावा पाय उठला. मी तो पाय ओळखतो, त्या स्वयंपाकघरात मीही होतो. तो आता वेळेवर उठला, नव्हे वेळेच्या आधी. रेंक त्याच्या छातीवर आदळला आणि तिथेच थांबला.

दुसऱ्यांदा रेंक आतून आला. तिथेही टेव्हिस. मग वळसा घालून आला, मग खांदा पाडून आला, मग शिव्या देत आला. मिल बेंडची बाकीची फळी चहूकडून फुटत होती, थॅकर गुणांवर गुण घेत होतं. पण त्या एका बाजूनं चेंडू फेकणाऱ्याच्या अंगाला कुणी शिवलं नाही.

"कोण आहे रे तो चौऱ्याहत्तर?" माझ्या शेजारी तेवीस वर्षं बसणारा म्हातारा करवादला. "रेंकला खिशात घालून फिरतोय!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाचा आहे तो!" आणि मग मी उभाच राहिलो. लाल सदऱ्यात, लाल माणसांच्या गर्दीत, मी ओरडलो, "अडव त्याला, टेव्हिस! पाय! पाय बघ त्याचा!" मागून कुणीतरी मक्याच्या लाह्या फेकून मारल्या. मारू दे. खाली कठड्याजवळ मी बघत होतो. रेंक दम खायला बाहेर जाऊन बसला, तरी दुर्बिणी मैदानावरच होत्या.

आम्ही अठ्ठेचाळीस-सहानं हरलो. आम्ही म्हणजे मिल बेंड. आम्ही हा शब्द माझ्या तोंडी त्या दिवशी पहिल्यांदा आला.

एप्रिल आला. निवड तीन दिवस चालते. गुरुवारी पहिल्या फेरीत रेंक गेला. शुक्रवारी टेव्हिसचं नाव आलं नाही. ज्या पोरानं त्याच्या जागी थॅकरची लाल टोपी घातली होती, त्याचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. तो चार वर्षं बाकावर होता, दिव्यांनी झळकणाऱ्या आपल्या नावाखाली कपडे बदलत. शनिवारी सकाळी लोरेथाच्या घरात वीसेक माणसं जमली. कोच पर्व्हिस कोपऱ्यात ताट घेऊन बसले होते. टेव्हिस मागच्या पायरीवर, गुडघ्यावर फोन. सातांपैकी चौथी फेरी संपली. फोन गप्प.

मी दुपारी पोचलो आणि ट्रक थेट लोरेथाच्या दारात लावला.

ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. "वेंडेल! आजच्या दिवशी तरी माझी परीक्षा बघू नकोस! काढ तो ट्रक! माझं पोर आत घास घेईना, आणि तू तो कोल्हा घेऊन..."

तिची नजर दारावर गेली. डाव्या दारावर नुसता उघडा पत्रा होता. मधोमध सँडपेपरचे गोल गोल ओरखडे, कडेला कुठेतरी लाल रंगाची एक रेघ राहिलेली.

"टेव्हिस," तिनं हाक मारली, "जरा इकडे ये."

टेव्हिस आला. दाराकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. बोटांची सालटी निघाली होती.

"मामा, अजून कुणी निवडलं नाही मला."

"माहीत आहे."

"मग हे कधी केलंत?"

"मंगळवारी," मी म्हणालो. "त्यांना कळायचं तेव्हा कळेल. मी सप्टेंबरातच बघितलंय. एवढी साधी गोष्ट करायला मला सात महिने लागले, त्याबद्दल माफ कर."

वाकून त्यानं मला मिठी मारली, आणि तीनशे पौंडांचा माणूस मिठी मारतो तेव्हा श्वास राहत नाही. त्याच मिठीत, माझ्या बरगडीपाशी, त्याचा फोन थरथरला.

उत्तरेतल्या बफलोच्या व्यावसायिक संघाचा नंबर होता. टेव्हिसनं कानाला लावला. "हो सर. हो सर, मीच." त्याचा चेहरा आक्रसला आणि डोळे वाहायला लागले. "पाचव्या फेरीत? हो सर, थंडी चालेल मला. काहीही चालेल!"

लोरेथानं झारा आकाशात भिरकावला. पर्व्हिस त्या लंगड्या पायानं पायऱ्या उतरून धावत आले, खरंच धावत. आणि मी ट्रकच्या बॉनेटवर चढून, घसा बसेपर्यंत, आयुष्यात थॅकरसाठीही कधी ओरडलो नाही इतका ओरडलो.

फोनमधल्या माणसानं काहीतरी विचारलं. टेव्हिसनं माझ्याकडे बघितलं आणि रडता रडता हसला.

"तो आवाज ना, सर? माझे मामा आहेत," तो म्हणाला. "आधी थॅकरचे होते."