कुत्र्याच्या वर्षी जन्मलेला

होशिमबाय भल्या सकाळी अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हाच अंझिरतने ओळखलं की हे काही बरं नाही. गावचा अक्साकाल म्हणजे सरकारने नेमलेला म्होरक्या, आणि असा माणूस एकट्या बाईच्या दारी विचारपूस करायला येत नसतो.

"तुर्दिकुल कुठंय?"

"पऱ्हाटीला पाणी धरलंय त्यानं," ती दाराआडून म्हणाली. "काय काम होतं?"

"दुपारी कापसाच्या जिनच्या आवारात पाठव त्याला. साहेब येतोय. त्याचं नाव दिलंय मी."

कशासाठी दिलंय, हे विचारायची गरज नव्हती. साऱ्या फरगाना खोऱ्यात सध्या दुसरा विषयच नव्हता. पांढऱ्या पादशहाची, म्हणजे रशियाच्या झारची, कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई जुंपली होती, दोन वर्षं झाली तरी ती आटपत नव्हती, आणि आता खंदक खणायला त्याला माणसं कमी पडत होती. एकोणीस ते एकतीस वयाचे पुरुष हजर करा, असा हुकूम सुटला होता.

"अठराचा आहे तो, होशिमबाय. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

"कुत्र्याच्या वर्षी जन्मला ना?"

"हो."

"मग तीस."

तिला हसावं की रडावं कळेना. खोऱ्यात कोणाच्याच जन्माचा कागद नव्हता. एकेक वर्ष एकेका जनावराचं, बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून, एवढाच काय तो हिशेब. कुत्र्याच्या वर्षी जन्मलेला यंदा अठराचाही असतो आणि तिसाचाही. आजवर त्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं, कारण समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं.

"तुमचा पोरगा एगंबेर्दीही कुत्र्याच्याच वर्षाचा," ती म्हणाली. "दोन पोरांचा बाप. दाढी उतरवलीय म्हणे. तो किती वर्षांचा झाला?"

"अठरा," होशिमबाय शांतपणे म्हणाला.

मग तो दाराजवळ सरकला आणि आवाज खाली आणून बोलला. "हे बघ बाई, साहेबापुढं अठरा म्हणालीस तर तो विचारेल, याचा बाप कुठंय? मग मला खरं सांगावं लागेल. बंडखोराच्या घरादाराला या खोऱ्यात थारा नाही. मायलेक दोघंही सायबेरियात जाल. त्यापेक्षा एकटा पोरगा खंदक खणेल आणि परत येईल. विचार कर."

अंझिरतने विचार काय करायचा? अठरा वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? आगगाडी आली, जिन आलं, आणि साहेब लोक सांगत सुटले की गहू कशाला पेरता, कापूस लावा, गहू आम्ही उत्तरेकडून गाडीने आणून देऊ. बांधापासून बांधापर्यंत पऱ्हाटी झाली. मॉस्कोच्या गिरणीतलं चीट बाजारात आलं आणि तिच्या सासऱ्याचा माग धूळ खात पडला. मग एका रात्री तिचा नवरा काठी घेऊन इतर शेकडोंबरोबर अंदिजानच्या लष्करी तळावर चालून गेला. कोणी फासावर गेले, कोणी साखळदंडात उत्तरेला. गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिला दिवस गेले होते. ती पळून या गावात आली आणि नवरा तापाने गेला म्हणून सांगत राहिली. होशिमबायला खरं माहीत होतं. त्याने तोंड मिटून घेतलं, कारण पोटापुरत्या वाट्यावर त्याची पऱ्हाटी सांभाळणारी अशी मायलेकरं त्याला कुठं मिळणार होती? मेला उपकार केल्यासारखा मिरवायचा.

तुर्दिकुल कुदळ खांद्यावर टाकून फाटकात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"जाऊ दे, आई," होशिमबाय गेल्यावर तो म्हणाला. "खणायचंच तर आहे. इथं मी वेगळं काय करतो?"

"इथं डोक्यावर तोफा फुटत नाहीत."

"आणि तुला सायबेरियात नेलं तर?"

ती आत जाऊन चुलीपुढे बसली. बसल्या बसल्या तिला एक गोष्ट सुचली. मुलगा कधी जन्मला हे सांगायचंच कशाला? ती स्वतः पस्तिशीची होती. तिसाच्या मुलाची आई पस्तिशीची कशी असेल? साहेबाने तिचं तोंड बघितलं की संपलं. नवऱ्याचं नाव नको, अंदिजानचं नाव नको.

फक्त तोंड दाखवायचं होतं. परक्या पुरुषांपुढे, भर आवारात.

दुपारी जिनच्या आवारात पुरुष ओळीने उभे होते. हंगाम नव्हता, यंत्रं बंद होती. मधोमध टेबलामागे रशियन साहेब बसला होता, शेजारी तातार दुभाष्या, मागे दोन शिपाई. बायका भिंतीकडेला, सगळ्या परांजीच्या पायघोळ बुरख्यात, तोंडावर घोड्याच्या केसांची काळी जाळी.

"तुर्दिकुल. तीस," दुभाष्याने वाचलं.

अंझिरत भिंत सोडून पुढे आली. "खोटं आहे, साहेब. मी त्याची आई."

"सगळ्याच आया असं म्हणतात," दुभाष्या कंटाळून म्हणाला. "माझ्यापुढं आज एकही पोरगा एकोणिसाच्या वर गेलेला नाही."

"मग बघा," ती म्हणाली, आणि तिने जाळी वर केली.

आवारात एकदम हलकल्लोळ झाला. ओळीतले पुरुष, म्हातारे, होशिमबाय, झाडून सगळे मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. परक्या बाईचं उघडं तोंड बघण्यापेक्षा ते मेले असते. ऊन तिच्या गालावर पडलं, आणि तिला नागवं झाल्यासारखं वाटलं. पण ती हलली नाही.

"पाच वर्षांची असताना व्याले काय मी याला?" तिने विचारलं.

दुभाष्याने ते सांगितलं तसा साहेब हसला. अर्धं आयुष्य त्याने या खोऱ्यात काढलं होतं. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, मग ओळीकडे. साऱ्या पाठींमध्ये एकच चेहरा तिच्याकडे वळलेला होता. तुर्दिकुल आईकडे टक लावून बघत होता.

"यांच्यात मुलाला आईचं तोंड बघता येतं," साहेब दुभाष्याला म्हणाला. "हा बघतोय. म्हणजे बाई खरं बोलते."

अंझिरतचा जीव भांड्यात पडला. साहेबाने नाव खोडायला टाक उचलला.

"साहेब," होशिमबाय भिंतीकडे तोंड करूनच बोलला. त्याच्या डोळ्यांपुढे आपला एगंबेर्दी नाचत असणार, कारण एक खोडला की दुसरा लागणारच. "तेवढं या पोराच्या बापाचंही विचारून घ्या. याचा बाप—"

तो थांबला. मुद्दाम थांबला. मेल्याला कुठं थांबायचं ते बरोबर कळत होतं.

अंझिरतने मुलाकडे बघितलं. नको, ती डोळ्यांनी म्हणाली. बोलू दे त्याला. काय व्हायचं ते होऊ दे.

तुर्दिकुलने एकदा तिचं तोंड डोळे भरून बघितलं. मग मान खाली घातली आणि तो सावकाश, इतरांसारखाच, भिंतीकडे वळला.

"—बाप मेला, साहेब," डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघून होशिमबायने वाक्य पुरं केलं. "आईही बाळंतपणातच गेली. ही चुलती. लग्न होऊन आल्यावर हिनं वाढवलं, म्हणून माया."

"चुलती? मग एवढा वेळ बघत का होता?"

"बेशरम आहे."

दुभाष्या खो खो हसला. साहेबाने टाक खाली ठेवला. "काय रे, ही तुझी आई की चुलती?"

"चुलती," तुर्दिकुल भिंतीला म्हणाला.

"वय?"

"तीस."

अंझिरतला ओरडावंसं वाटलं. मीच आई, अठरा वर्षांपूर्वी याचा बाप तुम्ही साखळीत बांधून नेला, असं ती म्हणाली असती तर त्याचं हे सोंग फुकट गेलं असतं, आणि दोघंही गेली असती. ती गप्प राहिली. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं.

पुढचं नाव वाचायचं होतं, पण ओळ पाठमोरीच उभी होती. "बाई, तोंड झाका," दुभाष्या म्हणाला. "तुमच्यामुळं काम अडलंय."

ती मुलाच्या पाठीकडे बघत राहिली. सदरा खांद्यावर फाटला होता, आणि आज तो शिवायचा राहून गेला होता. तिने जाळी खाली ओढली.

"वळा आता," दुभाष्या ओरडला.

सगळे वळले. त्यांच्याबरोबर तुर्दिकुलही वळला.