मला सोडून पळा

मी कासव बोलतोय. पाण्यातलं नव्हे, लोखंडाचं. परातीएवढा पसरट, भडक नारिंगी, आणि वजनाला असा की दोघांनी उचललं तरी कंबर धरते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात टोर्नेडोची, म्हणजे घरं उचलून नेणाऱ्या वावटळीची, सोंड खाली उतरली की तिच्या वाटेत मला ठेवायचं आणि गाडीत बसून पळ काढायचा, एवढ्यासाठी माझा जन्म. पोटातली यंत्रं हवेचा दाब मोजतात.

मला घडवलं लोर्ना टॅकेटने, तिच्या गॅरेजात. वादळांची अभ्यासक, पण हाताला कायम वंगण. तिच्या लहानपणी अशाच एका सोंडेने तिची मावशी घरासकट नेली. इशारा मिळाला तोवर उशीर झाला होता. "जमिनीलगत वारा काय करतो ते एकदा कळू दे," माझे स्क्रू पिळताना ती म्हणायची, "लोकांना तळघरात शिरायला थोडा तरी वेळ मिळेल."

गाडी तिचा नवरा वेंडेल चालवायचा. "बायको माझ्यापेक्षा तुझ्याशीच जास्त बोलते, लेका," असं मला टोमणा मारायचा.

दर मे महिन्यात मला गव्हाच्या शेताकडेला ठेवायचे आणि सोंड ऐनवेळी भलतीकडे वळायची. एकदा एका गाईने चाटलं मला. बाकी काही नाही.

त्या दुपारी आभाळ मुका मार लागल्यासारखं हिरवट-काळं झालं. वारा पडला. पाखरं गप्प. समोर सोंड उतरली आणि दोघांनी मला खडीच्या रस्त्यावर ठेवलं.

"लोर्ना, ही ना डावीकडे सरकतेय ना उजवीकडे," वेंडेल म्हणाला.

"नुसती जाड होतेय?"

"हो."

जागची न हलता फुगत जाणारी सोंड सरळ तुमच्याच अंगावर येत असते. हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. दोघं धावतच गाडीत बसली. गाडी थोडी पुढे गेली आणि थांबली. यंत्रं सुरू झाल्याचा माझ्या पाठीवरचा दिवा लागला नव्हता. घाईत बटण दाबायचं राहिलं होतं. लोर्ना उतरून माझ्याकडे धावली.

"राहू दे ते कासव! फिर मागे!" वेंडेल गाडीतून ओरडला.

"एक बटणच दाबायचंय रे!"

मला तोंड असतं तर मीही ओरडलो असतो. तिने बटण दाबलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि वळली. मग काहीच दिसेना.

मी जागचा हललो नाही. गाडी शेतात उलटी सापडली, वेंडेल खांदा मोडून जिवंत. लोर्ना गव्हात, बरीच लांब.

तिला हवं होतं ते सगळं माझ्या पोटात उतरलं. विद्यापीठातली माणसं वेंडेलला सांगायला आली, की आता इशारा लवकर देता येईल.

"इशारा मीही वेळेत दिला होता," तो म्हणाला आणि आत गेला.

आता मी त्याच्या ओसरीवर असतो. तो कॉफी पितो, माझ्याकडे बघत नाही. मला त्याचा राग येत नाही. उद्या नवी माणसं मला न्यायला येणार आहेत, पुन्हा मे आलाय.

बाबांनो, मला ठेवा आणि निघा. दिवा लागला नाही तरी मागे फिरू नका. तिने मला मागे सोडून जाण्यासाठीच बनवलं होतं.