पोस्टाची भिंत आणि मी ओळंबा

मित्रांनो, मोठमोठ्या इमारतींची भीड मी कधीच ठेवली नाही. भिंत सरकारी कचेरीची असो की कोंबड्यांच्या खुराड्याची, मी शेजारी लटकलो की ती सरळ आहे की वाकडी हे तोंडावर सांगतो. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. मुठीत मावेन एवढाच, खाली निमुळता, डोक्यातून दोरी ओवलेला. दोरीवर माझ्याच रुंदीची एक लाकडी पट्टी सरकते. ती भिंतीच्या माथ्याशी टेकवायची आणि मला खाली सोडायचे. मी भिंतीला नुसता शिवलो, तर भिंत सरळ. मध्ये फट राहिली, तर माथा बाहेर आला आहे. तिच्यावर रेललो, तर माथा आत गेला आहे. एवढीच माझी विद्या, पण सोळा आणे खरी.

एका गवंड्याने मला उभी हयात वापरले. दवाखाने, गोदामे, पाण्याच्या टाक्या माझ्या साक्षीने उभ्या राहिल्या. काम संपले की तो मला आधी पुसायचा आणि मग स्वतःचे हात धुवायचा. पुढे त्याचे गुडघे बोलू लागले, कामे सुटली आणि मी थाप्या-करण्या या अवजारांखाली पिशवीत जाऊन पडलो. अंगावर हिरवा थर चढला. कोणी विचारीना. खरे सांगतो, फार वाईट वाटायचे.

गवंड्याची मुलगी शाळेत शिकवते. एके दिवशी तिने पिशवी उपसली.

"बाबा, हा मी नेऊ?"

"ने की. पण टोक आपटू देऊ नकोस हं त्याचं."

तिला मुले नुसते 'बाई' म्हणत. इमारत फळ्यावर कळत नाही, असे बाईंचे ठाम मत. म्हणून दर आठवड्याला त्या मुलांना गावातल्या एका इमारतीत नेत. वाचनालयाच्या जिन्याच्या पायऱ्या मुलांनी पावलांनी मोजल्या, पंपघराच्या कमानीखाली माना मोडेपर्यंत वर पाहिले. प्रत्येक भिंतीपाशी माझ्यासाठी ओढाओढी व्हायची. म्हातारपणी एवढा मान! माझी छाती फुगून जायची.

मग आली पोस्टाची जुनी दुमजली दगडी इमारत. बाई एका गटाला दाराची कमान दाखवत होत्या. दुसरा गट मला घेऊन इमारतीच्या मागे गेला. एका मुलाने वरच्या खिडकीतून पट्टी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि मला खाली सोडले. मी थेट भिंतीवर रेललो. खाली उभी असलेली चष्मेवाली मुलगी किंचाळलीच.

"अगं बाई! भिंत आत झुकलीय! आतल्या लोकांवर पडणार!"

बाईंच्या कानावर हे जाण्याआधी शाळा सुटली आणि चष्मेवालीने घर गाठले. तिने आईला सांगितले, आईने गल्लीला सांगितले. दुसऱ्या दिवशी पोस्टात आत पाऊल टाकायला कोणी तयार होईना. तिकिटांची रांग रस्त्यावर लागली. एक आजोबा तर चार हात लांब उभे राहून छत्रीच्या टोकाने पाकीट पेटीत ढकलत होते. पोस्टमास्तर तणतणत शाळेत आले.

मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्यांनी बाईंना बोलावले. "शोभा झाली ना? आता मुलांना वर्गातच शिकवा. हे फिरणं आजपासून बंद."

"बंद करा, पण आधी एकदा माझ्यासोबत चला," बाई म्हणाल्या. "भिंत खरंच झुकलेली निघाली तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

टेबलावर पडून मी हे ऐकत होतो. मी खोटे बोललो नव्हतो. बाहेरच्या बाजूबद्दल जे खरे तेच सांगितले होते. आतल्या बाजूचे मला कोणी विचारलेच नव्हते! आता बाईंचे फिरणे आणि माझे दुसरे आयुष्य, दोन्ही त्या भिंतीवर टांगलेले होते.

मोठ्या बाई, बाई आणि मुले मला घेऊन पोस्टात गेली. जिन्याशेजारची तीच भिंत आतून पायापासून माथ्यापर्यंत मोकळी दिसत होती. वर उभ्या राहून मोठ्या बाईंनी स्वतः पट्टी टेकवली. मी झुललो, फिरलो, थांबलो. चष्मेवालीने खाली बसून नाक भिंतीला लावले.

"शिवतोय! नुसता शिवतोय! आतून सरळ आहे!"

"मग बाहेरून तो रेलला कसा?" बाईंनी विचारले.

चष्मेवाली खालच्या खिडकीपाशी गेली. खिडकीत हात घातला तर तो खांद्यापर्यंत भिंतीत मावला. धावत वर जाऊन तिथल्या खिडकीत घातला, तर कोपराशीच भिंत संपली. ती क्षणभर हाताकडे बघत राहिली.

"खाली जाड आहे! वरचं सगळं ओझं खालच्या भिंतीने उचलायचं ना, म्हणून. आतून सरळ ठेवली आणि बाहेरून उतरती बांधली. मुद्दाम!"

 मोठ्या बाईंनी आपलाही हात त्या खिडकीत घालून पाहिला.

चष्मेवाली मात्र तडक रस्त्यावर गेली. "आजोबा, आत या. भिंत पडत नाही. मीच चुकले होते."

"आणि आता चुकत नाहीस कशावरून?"

"आता आतूनपण मोजलंय."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले, छत्री मिटली, आत आले आणि भिंतीला पाठ टेकून पाकिटावर तिकीट चिकटवू लागले. मागोमाग रांगही आत आली. मोठ्या बाईंनी माझी दोरी नीट गुंडाळली आणि मला चष्मेवालीच्या हातात दिले. "पुढच्या आठवड्यात मीही येईन," त्या म्हणाल्या. अख्ख्या आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखाद्या पिशवीत माझा भाऊबंद गंजत पडला असेल. त्याला पुसा, नवी दोरी ओवा आणि तुमच्या गावच्या भिंतींना भेटायला न्या. फक्त निकाल देण्याआधी त्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून विचारा. आम्ही खोटे बोलत नाही, पण जेवढे विचाराल तेवढेच सांगतो.