पहिला वाटा

बकरी ईदला मला कुणी मुबारक म्हणत नाही. "आमच्याकडे कधी येतोस?" एवढंच विचारतात. खाटकाचा सण म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या अंगणात कमरेत वाकून उभं राहायचं. तीस वर्षं झाली. कंबर म्हणते पुरे, गिऱ्हाईक म्हणतं आधी आमचं.

यंदा पहिला नंबर इस्त्रीवाल्या खालाचा होता. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळी गल्लीच तिला खाला म्हणते. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे होतात. एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. खालाच्या दारात जन्मभर तो तिसरा वाटाच आला. मीही दरवर्षी पिशवी घेऊन जायचो. ती घ्यायची, तोंडभर दुवा द्यायची, पण वर कधी बघायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिनं एक करडू आणून दुकानामागे बांधलं आणि आपल्या ताटातलं भरवून वाढवलं. "एकदा तरी माझ्या दारातून पिशव्या जाऊ देत रे," म्हणायची.

आमचा शिरस्ता ठरलेला. मैदानावरची नमाज सातला, मशिदीतली साडेआठला. मैदानावरची सुटली की मी पहिलं काम उरकतो आणि अंघोळ करून मशिदीतली गाठतो. गावातली पहिली नमाज व्हायच्या आधी सुरी चालवली तर कुर्बानी होतच नाही, नुसतं मांस होतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

जनावरासमोर सुरीला धार लावायची नसते, म्हणून पहाटे चारला उठून घरीच सगळ्या सुऱ्या परजल्या. सातच्या सुमाराला खालाच्या मागच्या पायरीवर टेकलो, तर डोळाच लागला. जाग आली तेव्हा नव्या कपड्यातली माणसं बगलेत जानमाजा, नमाजेच्या चटया, गुंडाळून मैदानाकडून परतत होती. म्हटलं, सुटली. एकाला हटकून विचारायचं, तर तेवढंही जिवावर आलं. अंग नुसतं आंबून गेलं होतं.

खालानं बोकडाला पाणी पाजलं. मी सगळ्यांना सांगतो तेच तिलाही सांगितलं, "खाला, तोंड फिरवा."

"दोन वर्षं याचं तोंड बघून उठले. आता कशाला फिरवू?"

त्याच्या कपाळावर हात ठेवून ती उभी राहिली. मी अल्लाचं नाव घेतलं. बोकडाला फार तडफडू दिलं नाही, एवढा हात अजून चालतो. खाला पदरात तोंड घालून रडली आणि मग म्हणाली, "झाली रे बाबा. माझीही झाली."

मशिदीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा शिंपी सरकत म्हणाला, "मैदानावर पाण्याचा पाइप फुटलाय. नुसता चिखल. सगळ्यांना इकडे पिटाळलं."

"म्हणजे तिथली झालीच नाही?"

"अरे, गावात कुठंच झाली नाही अजून. ही पहिलीच."

नमाजेत वाकलो, उठलो, पण डोळ्यांसमोर खालाच होती. गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळणार होतं? वरच्याला कळलं होतं, ते सोडा. मला कळलं होतं, आणि मला रोज तिच्या दुकानावरून जावं लागतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं आणि म्हटलं, "आपला बोकड खालाला देतो." घरच्या शेळीचा, पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेला.

"एका माणसाला विचारता आलं नाही? तोंडात काय मूग होते?" ती कडाडली. मग स्वतःच दावं सोडून माझ्या हातात दिलं. "पोरांना मी सांगते. जा."

खाला इस्त्रीच्या टेबलावर पिशव्या भरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ती हळूच स्टुलावर बसली.

"म्हणजे त्याचा जीव फुकट गेला?"

"मांस खायला चालतं, खाला. पण कुर्बानी झाली नाही. चूक माझी. हा बोकड आता तुमचा, माझा काही हक्क नाही."

"आणि तुझ्या घरचं?"

"यंदा नाही."

तिनं बोकडाकडे बघितलं. मग उठली, त्याला पाणी पाजलं, कपाळावर हात ठेवला. "आता विचारून आलायस ना?"

"नमाज पढूनच आलोय, खाला."

बोकड माझा हात हुंगत होता. रोज त्याच हातातून पाला खायचा. मला फार वाईट वाटलं, सांगायला लाज कसली. खाटकाला तोंड फिरवता येत नाही. मी सुरी फिरवली.

उरलेली घरं उरकून आलो तेव्हा दिवस कलला होता. उंबऱ्यातच बसलो, पाय धुवायचंही त्राण नव्हतं. समोर खाला येऊन उभी राहिली. नवी साडी, हातात पिशवी.

"दुसऱ्या बोकडाची आहे," ती म्हणाली. "अजून कुणाकडे गेले नाही. यंदा ज्यांच्या घरी कुर्बानी नाही, त्यांचा वाटा आधी."

मी दोन्ही हातांनी पिशवी घेतली. दुवा दिली. वर मात्र बघवलं नाही.